कोकणात घर, गोठा आणि बागेसह जमीन घेताना

"जुने कौलारू घर, दीड एकर जमीन, गोठा, विहीर, वीस हापूस कलमे, रस्त्याला लागून" अशी रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जागेची जाहिरात वाचली की ती एक सलग मालमत्ता आहे, असे आपण गृहीत धरतो. कागदोपत्री मात्र त्या बहुधा तीन-चार निरनिराळ्या वस्तू असतात. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या आकारणी पुस्तकात असते, घराखालची जागा गावठाणात तरी असते किंवा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, बाग दुसऱ्याच हिस्सा नंबरात असते, विहीर भावकीत सामाईक असते आणि गोठ्याची तर कित्येकदा कोठेच नोंद नसते. जाहिरातीत एका ओळीत आलेल्या या सगळ्या वस्तू विकण्याचा अधिकार एकाच माणसाकडे आहे का, हे तपासणे हेच खरेदीतले मुख्य काम आहे. घर आवडणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. म्हणून पुढील पायऱ्या कोणत्या क्रमाने कराव्यात याला महत्त्व आहे, आणि पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण होईपर्यंत विसार म्हणून एक रुपयाही देऊ नये.

पहिली पायरी: आपण शेतकरी आहोत का

महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 च्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन खरेदी करता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. परवानगीशिवाय झालेला व्यवहार अवैध ठरून जमीन शासनजमा होऊ शकते. "शेतकरी असल्याचा दाखला आम्ही करून देतो, तुम्ही काळजी करू नका" असे सांगणारे मध्यस्थ प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे, कारण बनावट दाखल्यावर झालेली नोंद दहा वर्षांनीही उकरून काढली जाऊ शकते आणि तोपर्यंत मध्यस्थाचा दूरध्वनी क्रमांक बदललेला असतो.

मुंबई-पुण्यात वाढलेल्या अनेकांच्या लक्षात येत नाही की आजोबांच्या गावच्या जमिनीमुळे ते शेतकरी ठरू शकतात. अडचण एवढीच असते की आजोबा गेल्यावर किंवा वडील गेल्यावर वारस नोंद कुणी केलेली नसते. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती देणारे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज घेऊन तलाठ्याकडे (या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे) ही नोंद करून घ्यावी. आपले नाव सातबाऱ्यावर आणि आठ-अ खातेउताऱ्यावर आले की पुढची वाट सरळ होते. कोकणातील घर शोधायला निघण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे, कारण भावकीत वाद असल्यास त्याला महिनेच्या महिने लागतात.

ज्यांना हा मार्ग उपलब्ध नाही त्यांनी गावठाणातील घर आणि त्यामागचे परडे, किंवा रीतसर बिनशेती झालेली जागा शोधावी. शेत नसले तरी दहा-बारा गुंठ्यांच्या परड्यात चार नारळ, दोन फणस, रातांबा, केळी आणि भाजीचे वाफे सुखाने मावतात. परदेशस्थ मराठी वाचकांसाठी नियम अधिक कडक आहे. अनिवासी भारतीय आणि परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्डधारक यांना परकीय चलन व्यवस्थापनाच्या नियमांनुसार भारतात शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा शेतघर विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळालेली जमीन ते ठेवू शकतात. गावातील भावाच्या नावावर घेऊन ठेवण्याचा सल्ला त्यांना हमखास मिळतो. त्यातून पुढे कोणाचे पैसे आणि कोणाची जमीन हा वाद जन्माला येतो, एवढे येथे सांगणे पुरे.

दुसरी पायरी: सातबारा वाचणे

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने दाखवलेल्या छायाप्रतीवर विसंबून न राहता तो आपण स्वतः काढावा, आणि जाहिरातीतील प्रत्येक वस्तू ज्या ज्या सर्व्हे नंबर व हिस्सा नंबरात आहे त्या सर्वांचे उतारे एकाच दिवशी काढावेत.

समजा, उताऱ्यावर क्षेत्र 0.62.40 असे लिहिले आहे. याचा अर्थ शून्य हेक्टर, 62 आर आणि 40 चौरस मीटर. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, तेव्हा हे क्षेत्र साधारण पावणेबासष्ट गुंठे, म्हणजे दीड एकराहून किंचित जास्त झाले. त्याच्याखाली पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारे क्षेत्र, वेगळा दाखवलेला असतो. कोकणात पोटखराबा म्हणजे बहुधा कातळ, व्हाळ (ओढा) किंवा चढ. तो दरात धरायचा की नाही हे आधी बोलून घ्यावे, कारण विकणारा एकूण क्षेत्रावर भाव सांगतो आणि घेणारा मनात लागवडीचे क्षेत्र धरून चालतो. उताऱ्यावर "वरकस" असा शब्द दिसला तर ती भाताच्या खाचराची जमीन नव्हे. ती डोंगरउताराची, गवत आणि कवळ (भाजणीसाठी तोडलेल्या डहाळ्या) काढण्याची जमीन. काजूला ती उत्तम असते, पण भाजीपाल्याची स्वप्ने तिच्यावर रचू नयेत.

भोगवटादार वर्ग 1 असेल तर विक्रीला सहसा शासनाची आडकाठी नसते. वर्ग 2 असेल तर थांबून कारण शोधावे. कोकणात सर्वांत जास्त आढळणारे कारण कुळकायद्याचे आहे. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाला जी जमीन कुळाच्या कब्जात होती ती कुळाने विकत घेतल्याचे मानले गेले, आणि अशा जमिनीच्या विक्रीवर कलम 43 चे बंधन आले. 2014 च्या सुधारणेनंतर, कुळाला खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असल्यास जमीन महसुलाच्या 40 पट रक्कम भरून हे बंधन दूर होते. ही रक्कम सहसा किरकोळ असते, परंतु ती भरल्याची नोंद खरेदीखतापूर्वी झालेली पाहिजे. देवस्थान इनाम आणि वतनाच्या जमिनींचे प्रकरण याहून अवघड असते. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. सिंधुदुर्गात आकारीपड जमिनी (सारा थकल्याने सरकारजमा झालेल्या) आणि आंबोली, चौकुळ, गेळे या गावांतील कबुलायतदार गावकर जमिनी (गावकऱ्यांनी सामाईक धरलेल्या) यांचे स्वतंत्र इतिहास आहेत. स्वस्त भाव ऐकून त्या दिशेला वळण्यापूर्वी तालुक्यातील जुन्या वकिलाला विचारावे.

उताऱ्याचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे "इतर हक्क" हा रकाना. लोक नाव आणि क्षेत्र पाहून उतारा घडी करून ठेवतात. याच रकान्यात सेवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, शेजाऱ्याचा विहिरीतील पाण्याचा हिस्सा असतो, कधीकाळी बेदखल झालेल्या कुळाचे नाव असते आणि काही ठिकाणी झाडांवरील हक्क जमिनीपासून वेगळा नोंदलेला असतो. जमीन एकाची आणि तिच्यावरचा फणस दुसऱ्याच्या चुलत्याचा, ही कोकणातील थट्टा नसून रीतसर फेरफार (हक्कबदलाची नोंद) झालेली गोष्ट असू शकते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात "वनसंज्ञा" किंवा खाजगी वनाची नोंद आहे का हे मुद्दाम पाहावे. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली आलेली जमीन वर्षानुवर्षे लोकांच्या वहिवाटीत असली तरी ती विकता येईलच असे नाही.

नावांपुढील जुन्या खुणाही ओळखता आल्या पाहिजेत. "ए.कु.क." म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता, आणि त्या तीन अक्षरांच्या मागे दहा-पंधरा हिस्सेदार उभे असू शकतात. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात अल्पवयीनाचा पालक, आणि तो अज्ञान आता सत्तरीचा गृहस्थ असेल आणि डोंबिवलीत राहत असेल. हस्तलिखित उताऱ्यात नावाला कंस असेल तर ते नाव कमी झालेले आहे, मात्र ते कोणत्या फेरफाराने कमी झाले हे त्या फेरफाराची नक्कल काढून वाचावे. किमान तीस वर्षांचे फेरफार आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील तेवढ्याच काळाचा शोध अहवाल वकिलाकडून करून घेणे ही येथील रूढ पद्धत आहे. तिच्यावर होणारा खर्च वाचवू नये.

घराचे कागद वेगळे का असतात

घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवून "घर आमच्या नावावर आहे" असे सांगितले जाते. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. कोकणात असेही असंख्य प्रसंग आहेत की घर एका कुटुंबाचे, त्याची घरपट्टी तीन पिढ्या त्यांनीच भरलेली, आणि घराखालची जागा मात्र पूर्वीच्या खोताच्या वारसांच्या सातबाऱ्यावर. 1949 च्या कायद्याने खोती संपली तरी तिच्या खुणा कागदांतून पूर्ण गेलेल्या नाहीत. म्हणून घर ज्या जमिनीवर उभे आहे तिचा उतारा आणि घराचा नमुना आठ हे दोन कागद शेजारी ठेवून नावे जुळतात का ते पाहावे. घर गावठाणात असेल तर तेथे सातबारा नसतो. स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणीनंतर जेथे मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत तेथे ती मागावी.

गोठ्याबाबत एवढेच पाहायचे की तो विकणाऱ्याच्या हद्दीत आहे. जुने गोठे शेजाऱ्यांच्या संमतीने गडग्याला (चिऱ्यांच्या कुंपणाला) लागून किंवा गडगा ओलांडूनही बांधलेले असत, कारण त्या काळी कोणी मोजणी आणत नसे.

तिसरी पायरी: माणसे मोजणे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जमिनीचे व्यवहार कागदावर अडण्यापेक्षा माणसांवर जास्त अडतात. गावात राहणारा एक भाऊ जागा दाखवतो, चहा पाजतो, भाव सांगतो. उताऱ्यावर मात्र आणखी अकरा नावे असतात आणि त्यांतील चार जण हयात नसतात. अशा वेळी वंशावळ कागदावर काढून घ्यावी आणि प्रत्येक शाखेतील मुलींची नावे स्वतः विचारावीत, कारण ती आपणहून क्वचितच सांगितली जातात. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला जन्मतःच सहदायकाचा हक्क मिळाला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची आवश्यकता नाही. "तिचे लग्न झाले, तिला काही नको आहे" हे बोलणे खरे असेलही, पण ते नोंदणीकृत हक्कसोडपत्राच्या रूपात हवे, किंवा तिने खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सही केलेली हवी. वारसांपैकी कोणी अज्ञान असेल तर त्याच्या हिश्शाच्या विक्रीला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते.

आपला हिस्सा तेवढा विकायला तयार असलेला सहहिस्सेदार सापडला आणि भाव निम्मा असला तरी नवख्याने तो मोह टाळावा. वाटप न झालेल्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतला तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 नुसार त्याला त्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 खालील सहवारसांचा अग्रहक्क शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले आहे. जमीन घेतली आणि हाती दावा आला, अशी अवस्था त्यातून होते.

सर्व हिस्सेदार तयार आहेत असे कळले तरी प्रत्येकाशी एकदा प्रत्यक्ष किंवा दूरध्वनीवर बोलावे. मुंबईला असलेल्या थोरल्या काकांचा मान राखून आधी त्यांना भेटायला गेल्याने जुळलेले व्यवहार आहेत आणि त्यांना शेवटी कळवल्याने मोडलेलेही आहेत.

चौथी पायरी: जागा दोन ऋतूंत पाहणे

बहुतेक लोक दिवाळीनंतर जागा पाहायला येतात. त्या वेळी व्हाळ वाहत असतो, विहीर भरलेली असते आणि सगळे हिरवे असते. जागा एकदा जुलैत आणि एकदा मे महिन्याच्या मध्यावर पाहावी. या दोन्ही जिल्ह्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरीही जांभ्याच्या सड्यावरील विहिरी वैशाखात तळ दाखवतात, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. विकणाऱ्याला "पाणी बारमाही आहे का" असे विचारण्यापेक्षा शेजारच्या घरातील बाईला "मे महिन्यात कपडे कुठे धुता" असे विचारावे. उत्तर खरे मिळते.

विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली मोजावी. पंप तासभर चालवून पाणी किती खाली जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती भरून येते, हे पाहता आले तर उत्तम. वीस कलमे, थोडे नारळ-सुपारी आणि दोन गुरे यांना किती पाणी लागेल हे त्यावरून कळते. मोठ्या कलमांना उन्हाळी पाणी फारसे लागत नाही; सुपारी आणि नारळ मात्र पाण्याशिवाय टिकत नाहीत.

रस्त्याचेही तसेच. "रस्त्याला लागून" म्हणजे डांबरी रस्ता, ग्रामपंचायतीची पाणंद की कुणाच्या खळ्यातून जाणारी वहिवाट, हे गाव नकाशावर पाहावे. वहिवाट शेजाऱ्याच्या भलेपणावर चालत असते. जमीन परक्याच्या हाती गेली की ते भलेपण संपते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. शेताच्या बांधावरून रस्ता मिळण्यासाठी महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे मागणी करता येते, पण असलेला रस्ता लेखी करून घेणे त्याहून पुष्कळ सोपे आहे.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. समुद्राच्या बाजूला भरतीच्या कमाल रेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो. तेथे जुने घर दुरुस्त करणे आणि नवे बांधणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पाचवी पायरी: घर पाहणे

आधी खळ्यात उभे राहून आढ्याची रेषा पाहावी. ती मध्ये झुकलेली असेल तर आतील भाल किंवा खांब खचलेला आहे. मग माळ्यावर चढून दार लावून घ्यावे आणि भर दुपारी अंधारात वर पाहावे. जेथे जेथे उजेडाचे ठिपके दिसतील तेथे तेथे पावसाळ्यात पाणी येते. थोडे ठिपके असणे स्वाभाविक आहे, कौले चाळली की ते बंद होतात. परंतु ठिपक्याखालचा वासा काळा पडलेला दिसला तर पाणी अनेक वर्षे येत आहे असे समजावे.

लाकडाची खरी परीक्षा वाशाच्या भिंतीवर टेकलेल्या टोकाशी होते, कारण पागोळीचे पाणी आणि भिंतीची ओल दोन्ही तेथेच पोहोचतात. चार इंची खिळा घेऊन त्या टोकाशी अंगठ्याने दाबावा. सागवान, फणस किंवा किंजळाच्या निरोगी लाकडात त्याचे टोकही नीट रुतत नाही; वाळवीने खाल्लेल्या वाशात पापुद्रा फुटून तो आत जातो आणि मागून मातीचा भुगा सांडतो. असा खिळा प्रत्येक खोलीत, विशेषतः पश्चिमेकडील पडवीत आणि न्हाणीच्या बाजूला चालवावा, कारण पावसाची झड तिकडूनच येते. भिंतीवर बोटाएवढ्या जाडीच्या मातीच्या रेषा वर चढलेल्या दिसल्या तर वाळवी अजून जिवंत आहे.

जांभ्याच्या चिऱ्याची भिंत शतकभर टिकते, मात्र ती मातीत बांधलेली असेल आणि घर दोन-तीन पावसाळे बंद राहिले असेल तर चिऱ्यांमधल्या दरजा (सांधे) धुऊन जातात आणि कोपरे सुटू लागतात. बंद घराला निम्मा भाव द्यावा असे माझे मत आहे. राबत्या घरात दर उन्हाळ्यात शाकारणी होते, चूल पेटते, धुराने लाकूड टिकते. कुलूपबंद घर चार वर्षांत जेवढे खराब होते तेवढे राबते घर चाळीस वर्षांत होत नाही. दुरुस्तीचा अंदाज वास्तुविशारदाकडून घ्यावा, पण त्याआधी गावातील सुताराला घर दाखवावे. त्याने किंवा त्याच्या वडिलांनीच ते कधीतरी शाकारलेले असते, आणि कोणता वासा कधी बदलला हे त्याला ठाऊक असते.

नवे घर बांधायचा विचार असेल तर शेती क्षेत्रात शेतघरासाठी किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते, हे आधी ध्यानात घ्यावे. पंधरा गुंठे बाग घेऊन तीत बंगला बांधू असा बेत केलेल्यांची येथेच फसगत होते.

गोठा

गुरे पाळायची नसतील तर गोठा म्हणजे एक चांगले कोठार, आणि त्याचे छप्पर धड असेल तर तेवढे पुरे. गुरे पाळायची असतील तर एका गाईला छताखाली साडेतीन चौरस मीटर आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा असावी, असा भारतीय मानकांचा निकष आहे. जमिनीला गव्हाणीकडून मागच्या गटारीकडे उतार आहे का, ते बादलीभर पाणी ओतून पाहावे. पाणी दावणीशी साचत असेल तर पावसाळ्यात गुरांचे खूर सडतील. पेंढा ठेवायला माळा किंवा उडवीसाठी उंचवट्याची जागा, आणि विहिरीच्या खालच्या अंगाला शेणकी (शेण टाकण्याची जागा), एवढे जमले की काम झाले. शेणकी विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर ती हलवण्याचा खर्च धरावा. या हवेत संकरित गाय घेण्यापेक्षा कोकण कपिला ही येथलीच नोंदणीकृत जात बरी. दूध बेताचे, पण उतारावर चरते आणि पावसाला कंटाळत नाही.

सहावी पायरी: बाग

कलमे मोजून भाव करू नये, कलमांकडे पाहून करावा. दहा बाय दहा मीटरवर लावलेली हापूसची बाग एकरी चाळीस झाडांची होते. जाहिरातीत दीड एकरात शंभर कलमे म्हटली असतील तर एक तर ती घन लागवड आहे किंवा मोजणारा उदार आहे. खोडावर, जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत, भोके आणि भुसा दिसला तर खोडकिडा आहे. काजूच्या बुंध्याशी डिंकमिश्रित भुसा म्हणजे रोठा, आणि रोठा लागलेले झाड बहुधा जाते. नारळाची नवी पाने त्रिकोणी कापल्यासारखी दिसली तर गेंड्या भुंगा आला आहे. हापूस एक वर्षाआड फळतो म्हणून पुष्कळ बागायतदार पॅक्लोब्युट्राझोल हे मोहोर आणणारे संजीवक देतात. ते किती वर्षे, किती मात्रेने दिले हे विचारावे, कारण बेहिशेबी मात्रेने थकलेले कलम नव्या मालकाच्याच पदरात पडते.

बाग कुणाला खंडाने दिलेली आहे का, हा प्रश्न मात्र सर्वांत आधी विचारायला हवा. आंब्याचे करार अनेकदा तीन किंवा पाच वर्षांचे आणि कच्च्या कागदावरचे असतात, आणि ठेकेदाराने पैसे आगाऊ दिलेले असतात. खरेदीखत झाल्यावर मार्च महिन्यात तो माणसे घेऊन झेले (आंबे उतरवण्याच्या जाळीच्या काठ्या) लावायला येतो, तेव्हा त्याचेही काही चुकलेले नसते. तेव्हा कराराची मुदत संपल्याचे ठेकेदाराच्या सहीने लिहून घ्यावे.

वानर आणि रानडुकरे यांच्याविषयी शेजारच्या बागायतदाराशी बोलावे. लावणीचा बेत त्यावरच ठरतो. चिऱ्याचा गडगा शाबूत असेल तर तो मोठा ठेवा आहे, कारण आजच्या मजुरीत तेवढा गडगा घालणे परवडत नाही. झाडांबद्दल सल्ल्यासाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र आणि नारळासाठी रत्नागिरीजवळचे भाट्ये येथील केंद्र ही तीन ठिकाणे आहेत. काजूच्या नव्या लावणीसाठी वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 या जातींची कलमे खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत.

सातवी पायरी: मोजणी, विसार, खरेदीखत

येथवर सर्व जुळले की विकणाऱ्याला तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करायला सांगावे आणि शुल्क आपण भरण्याची तयारी दाखवावी. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे, लगतच्या खातेदारांना नोटीस मिळाली आहे याची खात्री करावी आणि खुणा घातल्या त्याच दिवशी तेथे चिरे पुरून घ्यावेत. नंतर "क" प्रत नकाशा मिळतो. घर, गोठा आणि विहीर या नकाशात नेमक्या कोणत्या हिस्सा नंबरात येतात हे पाहिल्यावर अनेकांना व्यवहाराची फेरमांडणी करावी लागते. मोठ्या जमिनीतील तुकडा घ्यायचा असेल तर तुकडेबंदी कायद्याचे प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) आडवे येते; 2023 च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे आहे. त्यातील अलीकडचे बदल खरेदीच्या वेळी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावेत.

भाव ठरवताना जमीन, घर आणि झाडे यांची किंमत वेगवेगळी काढावी. त्याच गावातील मागील दोन-तीन वर्षांच्या व्यवहारांचे सूची क्रमांक दोनचे उतारे (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) नोंदणी विभागाकडून मिळतात. मध्यस्थाच्या तोंडी भावापेक्षा ते विश्वासार्ह असतात, जरी तेथे दाखवलेली रक्कम कधी कधी प्रत्यक्षापेक्षा कमी असते.

विसार दिल्यास नोंदणीकृत साठेखत (विक्रीचा करार) करावे, त्यात मुदत लिहावी आणि बोजा उतरवण्याची, कलम 43 ची रक्कम भरण्याची व सर्व हिस्सेदारांना हजर करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकावी. स्थावर व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, म्हणून सर्व पैसे बँकेतून द्यावेत. साठेखतानंतर वकिलामार्फत स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. हरकती याव्यात म्हणूनच ती असते, तेव्हा तिला घाबरणारा विकणारा का घाबरतो हे विचारण्याजोगे आहे.

मुद्रांक शुल्क व्यवहाराची रक्कम आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार येणारे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर लागते. नोंदणी शुल्क एक टक्का, परंतु 30,000 रुपयांपेक्षा जास्त नाही. खरेदीखताच्या परिशिष्टात प्रत्येक सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि क्षेत्र यांच्या चतुःसीमा स्वतंत्र लिहाव्यात. त्याखाली घराचा ग्रामपंचायत क्रमांक, गोठा, विहीर अथवा विहिरीतील हिस्सा आणि पाण्याची पाळी, पंप व वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक, जाण्यायेण्याची वहिवाट आणि झाडांची जातवार संख्या लिहावी. "त्यावरील झाडझाडोऱ्यासह" एवढ्यावर लेखनिक भागवू पाहतो. त्याला थांबवून मोजदाद लिहून घ्यावी.

खरेदीनंतर

नोंदणी झाल्यावर फेरफाराची नोंद तलाठ्याकडे होते आणि हितसंबंधितांना नोटीस जाऊन हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. प्रमाणित नोंद दिसेपर्यंत दर आठवड्याला पाहत राहावे आणि नंतर आपल्या नावाचा नवा सातबारा व आठ-अ काढून ठेवावा. घरपट्टीवर नाव लावण्याचा अर्ज ग्रामपंचायतीकडे वेगळा करावा लागतो. सातबारा झाला की घरपट्टी आपोआप होत नाही. वीजजोडण्या दोन असतील, एक घरगुती आणि एक शेतीपंपाची, तर दोन्हींचे नाव बदलावे आणि जुनी थकबाकी आहे का ते आधी पाहावे. पहिल्याच हंगामात ई-पीक पाहणीत आंबा, काजू, नारळ यांची नोंद आपण स्वतः करावी, म्हणजे बाराच्या उताऱ्यावर बाग आपल्या नावे दिसू लागते आणि फळपीक विम्याच्या वेळी धावपळ होत नाही.

व्यवहार मार्चपूर्वी पूर्ण झाला तर शाकारणीसाठी दोन महिने हाती राहतात. सुतार आणि गडी एप्रिलच्या आधीच ठरवावेत, कारण अक्षय्य तृतीयेनंतर गावात रिकामा माणूस मिळत नाही; कौले चाळून झाली की पश्चिमेच्या पडवीला झाप किंवा जाड ताडपत्री बांधून घ्यावी आणि पन्हळीतला पाचोळा मिरगापूर्वी काढावा.